सुक्या बोंबलांचा अँप्लिफायर

दशरथ चौबळांनी जन्मात एकदाच संगीताला दाद दिली आणि ती त्यांना जन्मभर पुरली.

ही दाद त्यांनी मुलगी बघायला गेले तेव्हा दिली. गिरगावातलं घर, पहिला मजला, खाली पिठाची गिरणी. पोहे झाले, चहा झाला, स्वयंपाक येतो का, शिवण येतं का, हे विचारून झालं आणि मग मुलीचे वडील घसा साफ करून म्हणाले, "आमची मृणालिनी हवाईन गिटार वाजवते." लगेच आतून पाटासारखी एक लांबट लाकडी वस्तू आली. दशरथरावांच्या आईंना तो खरोखरच पाट वाटला आणि ही मंडळी जेवायलाच बसवतात की काय म्हणून त्या पदर सावरून तयार झाल्या. मुलीने तो पाट मांडीवर आडवा घेतला, डाव्या हातात लोखंडी कांडी धरली, उजव्या हाताच्या बोटांत नख्या चढवल्या आणि हात चालू झाले. आता ही गिटार विजेवरची. तिला अँप्लिफायर जोडल्याशिवाय ती चारचौघांत बोलत नाही, आणि अँप्लिफायर होता क्लासच्या सरांचा, तो सरांकडेच होता. खालची गिरणी मात्र जोरात चालू होती. दशरथरावांना अथपासून इतिपर्यंत ऐकू आली ती गिरणीच. पण कांडी तारांवरून मागेपुढे सरकत होती, मुलीची मान किंचित कलली होती, कानातले डूल हलत होते, आणि हे सगळं त्यांना इतकं आवडलं की त्यांनी डोळे मिटून मान डोलवायला सुरुवात केली. वाजवणं संपल्याचं आईंनी कोपराने ढोसून कळवलं तेव्हा ते डोळे उघडून म्हणाले, "वा! फारच छान. मधला भाग तर अप्रतिम."

मधला भाग हा त्यांचा सावधपणा. जगात अशी गोष्ट नाही जिला मधला भाग नसतो. सरकारी नोकरीत मुरलेला माणूस असाच शेरा मारतो, जो कुठल्याही फायलीवर चालतो.

लग्न झालं. एकोणीस वर्षं झाली, मुलगी क्षितिजा बारावीत गेली, गिरगावच्या खोलीतून चौबळ भाईंदर पूर्वेला जेसल पार्कात शुभांगण सोसायटीत राहायला आले. गिटारही आली आणि कपाटावर बसली. घरात कुणी नसलं की मृणालिनीबाई ती खाली काढत. दशरथराव घरी आले की पुन्हा वर ठेवत. कधी दाराशी कान लावलाच तर आतून कुणी कंगव्याचे दात छेडतंय असा आवाज येई. "अगं, ती त्या दिवशीची धून वाजव ना एकदा," असं ते अधूनमधून म्हणत आणि त्या नुसत्या हसत. अँप्लिफायरशिवाय कसली धून, हे खरंच होतं. पण हसण्यात आणखी काहीतरी आहे असं दशरथरावांना उगाचच वाटे, आणि बायकोच्या हसण्यात आणखी काहीतरी आहे असं वाटू लागलं की शहाणा नवरा पेपर उघडतो.

बाहेर मात्र त्यांनी त्या वादनाची कीर्ती खाली पडू दिली नाही. पाहुणे येवोत, गॅसवाला येवो, दशरथराव कपाटाकडे बोट दाखवून सांगत, "आमची ही हवाईन गिटार वाजवते. मला पहिल्यांदा ऐकवली तेव्हा मी डोळेच मिटले." हे सगळं चाललं असतं. पण त्या वर्षी सोसायटीच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता, दुसऱ्या मजल्यावरच्या पंढरीनाथांनी घोळ केला. पंढरीनाथ वीज खात्यातून निवृत्त झालेले. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मीटरवर संशय घेतल्यामुळे त्यांचा कशावरच विश्वास उरला नव्हता. ते म्हणाले, "चौबळ, पाच वर्षं झाली, वहिनी वाजवतात असं ऐकतोय. वाजवलेलं काही ऐकलं नाही बुवा."

सगळे हसले. सेक्रेटरी रमणिकभाई तर खोबऱ्याचा तुकडा तोंडात असताना हसले. दशरथरावांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. "कोजागिरीला ऐकाल!" ते म्हणाले. "गच्चीवर. सगळ्यांसमोर!"

घरी आल्यावर मृणालिनीबाईंनी एवढंच विचारलं, "कशावर?"

खरं सांगायचं तर पंढरीनाथांचं निमित्त झालं. दशरथरावांना स्वतःलाच ती धून एकदा ऐकायची होती. एकोणीस वर्षं आपण ज्या पदार्थाची तारीफ करतोय तो आपण चाखलेलाच नाही, ही गोष्ट कधीकधी दुपारी जेवणानंतर ऑफिसात त्यांच्या मनात येई आणि त्यांना फार वाईट वाटे.

त्यांच्या ऑफिसातून गेल्या वर्षी निवृत्त झालेले गॅब्रियल उत्तनला राहत. त्यांचा मुलगा कॅल्विन लग्नांतल्या बँडमध्ये गिटार वाजवायचा, तो आता बहारीनला होता आणि त्याचा छोटा अँप्लिफायर घरी पडून होता. दशरथराव रविवारी सकाळी उत्तनला पोचले. गॅब्रियलनी माळ्यावरून एक काळा रेक्झिनचा खोका उतरवला. लहानशा ट्रंकेएवढा. पुढे जाळी, वर चार बटणं, त्यातल्या एका बटणाच्या जागी टूथपेस्टचं टोपण. कॅल्विनआधी तो आणखी दोघांनी वापरला होता.

"ट्रान्झिस्टरवाला हाय, वाल्ववाला न्हाय," गॅब्रियल अभिमानाने म्हणाले. "वाल्ववाला म्हंजे म्हातारा बैल. तापल्याबिगर उठत न्हाय. ह्यो लावला का सुरू. फुटत न्हाय, तापत न्हाय, कटकट न्हाय."

त्यांनी बटण दाबलं. एक तांबडा दिवा लागला आणि खोक्यातून घुंऽऽ असा आवाज आला. दशरथरावांना तो सुरेलच वाटला.

"थांब रे जरा, माजा सामान हाय त्यात," असं म्हणत गॅब्रियलच्या बायको गर्ट्रूड स्वयंपाकघरातून आल्या. खोक्याची पाठ उघडी होती. त्या पोकळीत हात घालून त्यांनी सुक्या बोंबलांच्या दोन जुड्या बाहेर काढल्या. "पावसाल्यात बोंबलाला दुसरी सुकी जागा न्हाय. ह्यो पेटीत बुरशी पन धरत न्हाय." मग त्या तिथेच म्हणाल्या, "जेवल्याबिगर जायचा न्हाय हां."

इथे शहाण्या माणसाला काहीतरी कळलं असतं. पण चौबळांच्या घरात पिढ्यानपिढ्या बोंबील खाल्लेले. गर्ट्रूडबाईंनी ते निखाऱ्यावर भाजले, वर लसूण-मिरची रगडली, सोबत तांदळाची भाकरी. दशरथरावांनी सहा खाल्ले. मग सौदा पाच मिनिटांत झाला, कारण अशा वस्तूची किंमत काय असते हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. खोका त्यांनी छातीशी धरला, आणि त्या वेळी त्याला जो वास येत होता तोच त्यांच्या हातांना आणि मिशांनाही येत असल्यामुळे तो वेगळा असा जाणवलाच नाही.

जाणवला तो बसच्या कंडक्टरला. "मासळी पुढे नाही चालणार. मागे बसा."

"मासळी नाही हो. वाद्य आहे हे. म्हणजे वाद्याचा आवाज मोठा करायचं यंत्र आहे."

कंडक्टरने वाकून हुंगलं. "साहेब, बारा वर्षं या लाइनीला आहे. बोंबील मला शिकवू नका."

दशरथराव मागे टोपल्यांमध्ये जाऊन बसले. शेजारच्या कोळीणबाईंनी खोक्यावर थाप मारून विचारलं, "दादा, कसं दिलं?" त्यांनी मान फिरवून खिडकीबाहेर पाहिलं. सरकारी सेवेत चोवीस वर्षं काढलेल्या माणसाला मुर्धा गावाच्या थांब्यापर्यंत तिघींनी भाव विचारला.

शुभांगण सोसायटीत दोन विंग. चौबळ ए विंगमध्ये. दोन्ही विंगमध्ये मिळून मासे खाणारी चार घरं, तीही रविवारी खिडक्या लावून, उदबत्ती पेटवून खाणारी. तळमजल्यावरचे रमणिकभाई तर कांदासुद्धा घरात येऊ देत नसत. दशरथराव जिन्याने वर गेले आणि त्यांच्यामागून तो वास एकेका मजल्यावर थांबत थांबत वर आला. दहाव्या मिनिटाला रमणिकभाई नाकाला रुमाल लावून दारात.

"चौबळभाई, आ शुं छे? आपके घर में कोई मर गया क्या?"

"नहीं नहीं, वो... म्यूझिक का डब्बा है."

"म्यूझिक मरा है?"

मृणालिनीबाईंनी खोका बघितला, टूथपेस्टचं टोपण बघितलं, हुंगलं, आणि तोंडाला पदर लावून आत गेल्या. त्या हसताहेत की काय हे कळायला मार्ग नव्हता. क्षितिजाने मात्र स्पष्टच विचारलं, "बाबा, याचं रात्री कालवण करायचंय का?"

मग सल्ल्यांना सुरुवात झाली. आपल्याकडे माणूस आजारी पडला तर लोक एकवेळ डॉक्टरकडे जा म्हणतील, पण वस्तूला काही झालं की प्रत्येकाच्या घरात औषध निघतं. पंढरीनाथ म्हणाले, डांबराच्या गोळ्या. पंधरा गोळ्या आत टाकल्या. शेजारच्या सुगंधाताई म्हणाल्या, लिंबाच्या फोडी आणि कडुनिंबाचा पाला. तोही भरला. कुणी कापूर सांगितला, कुणी कॉफीची पूड, कुणी धुपाचा धूर दाखवा म्हणालं. धुपाने खोका काळ्याचा आणखी काळा झाला. आठवड्याने रमणिकभाई पुन्हा आले, दारातच उभे राहून खोल श्वास घेतला आणि कळवळून म्हणाले, "चौबळभाई, पहले अच्छा था. सिर्फ मच्छी था. अभी तो मच्छी को मंदिर में बिठाया ऐसा लगता है."

शेवटी खोका उन्हात गच्चीवर ठेवायचं ठरलं. मृणालिनीबाई रोज विचारत, "झालं का सुगंधी आमचं?" आणि रोज नाही म्हणावं लागे. त्यात जोडायची वायर नव्हती. दशरथरावांनी आणलेली वायर टीव्हीच्या अँटेनाची निघाली. दुसरी आणली ती टेपरेकॉर्डरची निघाली. वायर ही वायर असते आणि तिला दोन टोकं असली की झालं, हा त्यांचा आजवरचा समज होता. तिसऱ्या खेपेला मृणालिनीबाई स्वतः जाऊन बरोबर वायर घेऊन आल्या आणि काही न बोलता ती खुंटीला टांगली. हे न बोलणं दशरथरावांना फार लागलं.

वायर आली त्याच दिवशी गच्चीवरून खोका गायब झाला.

झालं होतं असं की, भाईंदरच्या नळांना त्या काळी पाणी होतं असं म्हणणं म्हणजे चौबळांना संगीत येतं असं म्हणण्यासारखं. टँकर येई, तो केव्हा येईल सांगता येत नसे, आणि आला की रमणिकभाई खालून "टँकर आयाऽऽ" अशी हाक मारत. पण बी विंगच्या चौथ्या मजल्यापर्यंत ती पोचत नसे. पोचेपर्यंत पाणी संपे आणि भांडण सुरू होई. त्या दिवशी टँकर लागला तेव्हा पंढरीनाथ गच्चीवर पापड वाळत घालत होते. त्यांच्यातला वीज खात्याचा माणूस जागा झाला. भजनी मंडळाचा माइक होताच. तो त्यांनी खोक्याला जोडला, खोका कठड्यावर ठेवला आणि जाहीर केलं, "टँकर आलेला आहे! बी विंगने आधी यावे!"

दोन्ही विंगच्या बायका हंडे घेऊन जिन्यात. भांडण नाही, रडारड नाही. त्या संध्याकाळी रमणिकभाई दशरथरावांच्या घरी आले. रुमाल खिशात होता.

"चौबळभाई, ये डब्बा सोसायटी का है."

"माझा आहे हो. हिच्यासाठी आणलाय."

"आपका ही है. हम सिर्फ बजाएगा."

"और वास?"

रमणिकभाईंनी डोळे मिटले. "पानी के सामने वास क्या है?"

त्या दिवसापासून खोका घरात राहिला नाही. सकाळी टँकर, संध्याकाळी हरवलेली चप्पल, जनरल बॉडी मीटिंग, बी विंगमधल्या साखरपुड्याची बोलावणी. दशरथराव ऑफिसातून येत आणि लांबूनच आपल्या खोक्यातून पंढरीनाथांचा आवाज ऐकत, "ए विंगच्या जिन्यात सायकल कोणाची आहे? ताबडतोब काढावी!" ज्या माणसाने 'ऐकलं नाही बुवा' म्हणून आपला अपमान केला तोच आता आपल्याच खर्चाने अख्ख्या जेसल पार्काला ऐकू येतोय, हे त्यांना सहन होईना. पण मागायला गेलं की एखादी बाई हंडा कमरेवर घेऊन म्हणे, "भाऊ, तुम्ही फार पुण्याचं काम केलंत." असं म्हटल्यावर माणूस काय बोलणार?

मग नवरात्र आलं. गरब्याला मोठा लाउडस्पीकर ठरला होता, तो पहिल्याच दिवशी बंद पडला. पुढच्या आठ रात्री तो बिचारा छोटा खोका, जो एका माणसाला एका खोलीत सराव करण्यासाठी जन्माला आला होता, तो दीडशे माणसांना नाचवत उभा राहिला. त्याला तेव्हा वाचा असती तर त्याने गर्ट्रूडबाईंचा माळा परत मागितला असता. दसऱ्याच्या आदल्या रात्री त्यातून फर्रर्र असा आवाज आला आणि टाळ्या थांबल्या.

दसऱ्याला सकाळी पंढरीनाथ खोका घेऊन आले. चेहरा पडलेला. "पडदा फाटला," ते म्हणाले. जाळीच्या आतला कागदी पडदा बोटभर चिरला होता.

 आपट्याची पानं हातात घेऊन दशरथराव पलंगावर बसले. कोजागिरीला पाच दिवस राहिले होते. वास गेला नव्हता, पडदा फाटला होता, आणि कपाटावरची गिटार त्यांच्यादेखत एकदाही खाली आली नव्हती. "मृणाल," ते म्हणाले, "राहू दे. मी सगळ्यांना सांगतो, तुझी तब्येत बरी नाही म्हणून."

मृणालिनीबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. मग पंढरीनाथांना म्हणाल्या, "भाऊजी, फेविकॉल आहे का तुमच्याकडे?"

पतंगाचा कागद आणि फेविकॉल. पडदा त्यांनी स्वतः चिकटवला, पंढरीनाथांनी बॅटरी धरली. क्लासमध्ये सरांचा अँप्लिफायर असाच दर चार महिन्यांनी फाटायचा आणि तो चिकटवायचं काम मृणालिनीबाईंकडेच असायचं. हे दशरथरावांना एकोणीस वर्षांनी कळलं. आपल्या बायकोचा मधला भाग आपल्याला फारसा माहीत नाही, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

राहिली परवानगी. रमणिकभाईंनी कुठूनतरी ऐकलं होतं की गच्चीवर काही वाजवायचं तर चौकीवरून चिठ्ठी आणावी लागते. आठ रात्री गरबा झाला तेव्हा चिठ्ठी कुणाला आठवली नव्हती, पण एका बाईने गिटार वाजवायची म्हटल्यावर कायदा आठवला. दशरथराव चौकीवर गेले. हवालदार धर्माजींनी विचारलं, "भोंगे किती?"

"भोंगा नाही, डबा आहे."

"कर्णा?"

"कर्णाही नाही. छोटा डबा."

"डब्याला परवानगी देता येत नाही. बघायला लागेल."

संध्याकाळी धर्माजी बघायला आले. दशरथरावांनी बटण दाबलं, तांबडा दिवा लागला, घुंऽऽ सुरू झालं. गॅब्रियल म्हणाले होते तापत न्हाय. पण थोडासा तापत होता, आणि तापला की आतून डांबराच्या गोळ्या, कापूर, कडुनिंब हे सगळं ओलांडून मूळचा वास बाहेर येई. धर्माजींच्या नाकपुड्या हलल्या. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"बोंबील," ते हळूच म्हणाले. "उत्तनचे?"

"हो," दशरथराव खाली मान घालून म्हणाले.

"आम्ही अलिबागकडले. इथं आल्यापासून क्वार्टरच्या वरती पण शाकाहारी, खालती पण शाकाहारी." ते बराच वेळ त्या खोक्यासमोर बसून राहिले. चहा घेतला नाही, वासातच समाधान मानलं. उठताना म्हणाले, "नऊ वाजता बंद करायचं. आणि साहेब, तो माणूस बोंबील विकतो का, तेवढं विचारून ठेवा."

कोजागिरीला साडेसातलाच चंद्र चांगला वर आला होता. ए विंगच्या गच्चीवर सतरंज्या, मधोमध शेगडीवर दुधाचं मोठं पातेलं, केशर, वेलची, चारोळी. रमणिकभाई दुधावर लक्ष ठेवून. पुढे पाटावर मृणालिनीबाई, मांडीवर गिटार, शेजारी खोका. त्यांनी गिरगावात त्या दिवशी घातलेले तेच डूल घातले होते. दशरथराव उभे राहिले आणि त्यांनी भाषण सुरू केलं. एकोणीस वर्षं साठवलेलं भाषण ते, लवकर संपेना. खोका चालूच होता आणि तापत होता.

पहिलं मांजर ते "संगीत ही एक साधना" असं म्हणत असताना आलं. करडं होतं. ते पाण्याच्या टाकीवरून उतरून सरळ खोक्यासमोर येऊन बसलं. सगळ्यांना गंमत वाटली. मग दोन पांढरी आली, मग एक एका डोळ्याचा बोका आला, आणि थोड्या वेळात जेसल पार्कातली यच्चयावत मांजरं पहिल्या रांगेत शेपट्या गुंडाळून बसली. भाषणाला इतका एकाग्र श्रोता दशरथरावांना पूर्वी मिळाला नव्हता.

"कोजागिरीचं दूध आहे ना, त्याला आलीत," दशरथराव घाईघाईने म्हणाले.

पण दुधाकडे एकही मांजर बघत नव्हतं. एका डोळ्याचा बोका उठला, खोक्याच्या मागे गेला आणि त्या उघड्या पाठीतून आत शिरला. आतून डांबराच्या गोळ्या बाहेर आल्या. कडुनिंबाचा पाला बाहेर आला. लिंबाची वाळलेली फोड आली. शेवटी बोका उलटा सरकत बाहेर आला, आणि त्याच्या तोंडात, चांगला वीतभर लांब, गर्ट्रूडबाईंच्या हाताला न लागलेला एक अख्खा बोंबील होता.

पुढचं फार झटपट झालं. बाकीची मांजरं बोक्यावर धावली. बोका बोंबील घेऊन सतरंजीवरून पळाला. बायका किंचाळल्या. बोका रमणिकभाईंच्या मांडीवर चढला, तिथून पातेल्याकडे झेपावला. "दूध! दूध बचाव!" रमणिकभाईंनी पातेलं उचललं, एका मांजराला लाथ मारायला गेले, अहिंसेची आठवण होऊन पाय मधेच थांबवला, आणि एका पायावर नाचत जिन्याकडे सुटले. दुधामागून सगळी सोसायटी. कार्यक्रम बी विंगच्या गच्चीवर हलवण्यात येत असल्याचं पंढरीनाथांनी जिन्यातून ओरडून सांगितलं. माइक नसतानाही ते ऐकू आलं. क्षितिजा हसून हसून दुखणारं पोट धरून शेवटी गेली.

गच्चीवर उरले दशरथराव, मृणालिनीबाई, घुंऽऽ करणारा खोका आणि डांबराच्या गोळ्या.

दशरथराव कठड्याला टेकून खाली बसले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "मला फक्त एकदा ऐकायचं होतं ग," ते म्हणाले. "लोकांचं जाऊ दे. मला ऐकायचं होतं."

मृणालिनीबाईंनी नख्या चढवल्या. कांडी तारांवर टेकवली, टूथपेस्टचं टोपण जरासं फिरवलं आणि वाजवायला सुरुवात केली.

तो सूर आधी लांबून आल्यासारखा आला, मग कांडी सरकली तसा तो वर चढत गेला आणि चढता चढता कुठे न तुटता खाली उतरला. चिकटवलेला पतंगाचा कागद मधूनच थरथरत होता, तेही बरं वाटत होतं. दशरथरावांनी डोळे मिटले नाहीत. मान डोलावली नाही. ते तोंड उघडं टाकून बघत राहिले, कारण ही बाई एकोणीस वर्षं आपल्या घरात होती आणि हे तिच्या हातात होतं, आणि त्यांना खरोखर रडू आलं. मग वाजवणं संपलं.

समोरच्या गच्चीवर पेले हातात धरून सगळे कठड्याशी उभे होते. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवली. पंढरीनाथांनी तोंडाशी हातांचा कर्णा करून आरोळी ठोकली, "वहिनीऽऽ, ऐकू आलंऽऽ!"

मृणालिनीबाईंनी बटण बंद केलं. तांबडा दिवा विझला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज दाद नाही?"

दशरथरावांनी नाक ओढलं. "हेच ना ग? त्या दिवशी पाहायला आलो होतो तेव्हा वाजवलं होतंस ते?"

मृणालिनीबाई हसल्या. तेच एकोणीस वर्षांचं हसणं होतं, पण या वेळी उघडण्यासारखा पेपर हाताशी नव्हता.

"तुमच्या आधी दोघे येऊन गेले होते," त्या म्हणाल्या. "एकजण म्हणाला, काही ऐकू येत नाही. दुसऱ्याला ऐकू आलं नाहीच, वर त्याने सुरात चूक काढली. मला इतका राग आला होता! तुमच्या वेळी मी ठरवलं, वाजवायचंच नाही. मी तारांना हातच लावला नव्हता. कांडी वरच्यावर फिरवत होते."

"म्हणजे... काहीच वाजवलं नव्हतंस?"

"काहीच नाही. आणि तुम्ही आपले डोळे मिटून डोलताय. तुम्ही जिना उतरायच्या आत मी आईला सांगितलं, हाच."

"हाच? का?"

"म्हटलं, न वाजवता एवढा खूश होतोय, वाजवलं तर काय करेल!"

 दशरथरावांनी डांबराची एक गोळी उचलली, हुंगली आणि ठेवून दिली. समोरच्या गच्चीवरून रमणिकभाई दूध निवतंय म्हणून हाका मारत होते. मग दशरथराव उठले, खोका एका बगलेत मारला, दुसरा हात बायकोला उठायला पुढे केला.

"ते काही असो," ते म्हणाले, "मधला भाग छानच होता."